शिक्का कशाकशाला

केदारकुंडाहून उतरून चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळाशी आलो की आमचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. मुलं हातपाय धुतात, पिशव्यांतून मुरमुरे-शेव निघते आणि मी एका दगडी पायरीवर शाईचं पॅड उघडून बसते. प्रत्येकाच्या खिशात घामानं मऊ पडलेलं एक कार्ड असतं. त्यावर चौकोन आखलेले: डोंगर चढला, तंबू लावला, चूल पेटवली, दहा पक्षी ओळखले. ज्यानं जे केलं त्या चौकोनात मी पिंपळपानाच्या आकाराचा निळा शिक्का मारते. एवढ्याशा शिक्क्यासाठी रांगेत जी ढकलाढकली होते ती पाहण्यासारखी असते. गेल्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा शिक्का घेऊन झाला तरी रांगेतून हलेना. "ताई, अजून एक द्या ना." कशाचा, म्हटलं. "मी डायमंडला पोचलो." मागचे दोघं-तिघं "काय सांगतो!" करत एकदम पुढे सरकले, त्यावरून ही काहीतरी मोठी गोष्ट असावी एवढं मला कळलं. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि मग डायमंड, अशा त्या मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळातल्या पायऱ्या. मी म्हटलं, अरे, डोंगराच्या कार्डावर गेमचा शिक्का कसा मारू? त्यावर तो अगदी हिशेब मांडावा तसा म्हणाला, "डोंगर तर एका सकाळीच चढलो. डायमंडला दोन महिने लागले."

सगळे हसले. तो हसला नाही.

परतीच्या गाडीत मुलं गाणी म्हणत होती, बाहेर कपाशीला नुकती फुलं धरली होती, आणि माझ्या डोक्यात त्या पोराचा हिशेब फिरत होता. कष्टाला बक्षीस असेल तर त्याचं म्हणणं चुकीचं कुठे होतं? चिकाटीला असेल तर तो सगळ्यांच्या पुढेच होता. मी देत होते तो शिक्का नेमका कशाला देत होते, हे मला कुणी विचारलं असतं तर तेव्हा गाडीत तरी मला सांगता आलं नसतं.

आमचा गट म्हणजे काही मोठी संस्था नाही. चार-पाच मोठी माणसं, एकाच्या दुकानामागची खोली, महिन्यातून एखादी बैठक, आणि पाऊस सुरू झाला की थंडी संपेपर्यंत मुलांना घेऊन गौताळ्याच्या जंगलात भटकणं. पुढच्या बैठकीत मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. आप्पा भडकलेच. आप्पा निवृत्त शिक्षक. उभा जन्म शाळेत स्काउटचं पथक चालवलं. शाळेत शुद्ध बोलायचे, रागावले की घरच्या अहिराणीत येतात. "गेम खेयाले बिल्ला? मंग सकाय झोपाले बी द्या एक!" त्यावर आमच्यातला सर्वांत तरुण, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा, शांतपणे मोबाईल पुढे करून म्हणाला, "आप्पा, तुमच्याच स्काउटांनी दिलाय. अमेरिकेत. २०१० साली."

खरंच दिला होता. तिथे स्काउटांतली धाकटी मुलं, ज्यांना आपल्याकडेही 'कब'च म्हणतात, त्यांच्यासाठी व्हिडिओ गेमचं पट्ट्यात ओवायचं एक कडं आणि त्यावर एक पिन, असे दोन सन्मान २०१० मध्ये निघाले. आप्पांनी चष्मा वर केला, खाली केला आणि फोन माझ्याकडे सरकवला. ज्या चळवळीचं पहिलं शिबिर १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर, समुद्रकाठी तंबूत भरलं, तिनं शंभरेक वर्षांत मुलांना टीव्हीसमोर बसण्याचं कडं द्यावं, हे त्यांना सोसेना. मी मात्र ती नियमावली घरी येऊन नीट वाचली, आणि गंमत अशी की खेळण्याबद्दल म्हणून त्यात फारसं काही नव्हतंच. कड्यासाठी तीन गोष्टी. खेळांना वयाप्रमाणे दर्जा का लावतात ते समजावून सांग, आणि तुझे खेळ तुझ्या वयाचे आहेत का ते तपास. मोठ्या माणसाबरोबर बसून घरकाम, अभ्यास आणि गेम यांचं वेळापत्रक कर आणि ते पाळायचा प्रयत्न कर. आईवडिलांनी किंवा शिक्षकांनी पसंत केलेला एक नवा खेळ शीक. पिनसाठी एका यादीतल्या पाच: घरच्यांबरोबर स्पर्धा खेळ, एखाद्या मोठ्या माणसाला किंवा मित्राला खेळ शिकव, नवशिक्याला उपयोगी पडतील अशा पाच युक्त्या लिही, गणिताला किंवा स्पेलिंगला मदत होईल असा खेळ खेळ, एकाच खेळाची तीन दुकानांतली किंमत ताडून बघ.

हे वाचून पहिला राग ओसरला आणि दुसरा आला. तीन दुकानांत किंमत ताडून बघणं हा काटकसरीचा धडा म्हणावा तर तसा आहे, आणि दहा वर्षांच्या आतच गिऱ्हाईक तयार करण्याचा धडा म्हणावा तर तसाही आहे. वेळापत्रकाचं तर विचारूच नका. ज्या गोष्टीत मुलाला सर्वांत जास्त मोकळं वाटतं तिच्यावर मोठ्यांनी आखणी केली, सही घेतली आणि शेवटी कडं अडकवलं. गेमचा गृहपाठ झाला. मला त्या अमेरिकन पोरांची थोडी दयाच आली. आणि 'बाहेरच्या चळवळीत आतला खेळ कशाला' हा आप्पांचा मुद्दाही तसा पक्का नाही. टपाल तिकिटं जमवण्याचा बॅज स्काउटांत फार जुना आहे. तिकिटं काय डोंगरावर बसून चिकटवत होते? तेव्हा घरात बसणं हा गुन्हा नव्हता. २०१५ मध्ये तिथल्या कब स्काउटांचा सगळा कार्यक्रमच नव्यानं बांधला गेला, तेव्हा पट्ट्यातल्या कड्यांची ती अख्खी मालिका बंद झाली आणि तिच्याबरोबर हेही गेलं. मात्र त्याआधी, २०१३ मध्ये, मोठ्या स्काउटांसाठी खेळ बनवण्याचा बॅज आला होता. त्यात स्वतः खेळ रचायचा, दुसऱ्यांना खेळायला द्यायचा आणि कुठे फसतो ते बघून दुरुस्त करायचा. तो मला मनापासून पटला.

'आमच्या वेळी मुलं बाहेर खेळायची' हे वाक्य अशा चर्चेत कुणीतरी म्हणतंच, आणि बैठकीत तेही झालं. मी गप्प बसले, कारण माझ्या आठवणीत मुलं बाहेर खेळायची म्हणजे मुलगे खेळायचे. माझा भाऊ गिरणेवर पोहायला जायचा, विटीदांडूत एका पोराचा दात पाडून यायचा, आणि संध्याकाळी स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक अंधारी खोली, दारावर गोणपाटाचा पडदा, आत तीन टीव्ही, आणि रुपयाला काही मिनिटं कॉन्ट्रा किंवा मारिओ. मी एकदा त्याला जेवायला बोलवायला गेले तेव्हा पडद्याच्या फटीतून आत पाहिलं होतं. घामाचा, बिडीचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. निळ्या उजेडात पाच-सहा चेहरे. आणि माझा एरवी एका जागी न टिकणारा भाऊ इतका स्थिर की ओळखू येईना. त्याचं बोट बटणावर नुसतं थरथरत होतं. मला आत जायचं होतं. त्या जागेला मुलींनी जायचं नव्हतं, आणि नदीवरही जायचं नव्हतं. आम्हाला 'बाहेर' मिळायचं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. निंबाला झोके बांधले की चार दिवस गाण्यांच्या आवाजात गल्ली आमची असायची, मोठ्या झालेल्या लेकीसुद्धा माहेरी येऊन झोक्यावर चढायच्या, उन्हाला कुणी विचारायचं नाही. ते चार दिवस संपले की परत ओटा आणि सागरगोटे. त्यामुळे पूर्वीच्या मोकळ्या हवेचे गोडवे कुणी गाऊ लागलं की माझी मान अर्धीच डोलते.

आणि उन्हाचं काय करायचं, हे पुण्या-मुंबईहून मुलांना निसर्गाकडे न्या म्हणणाऱ्यांना कोण सांगणार. आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून दुपारी रस्ते ओस पडतात. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, भुसावळकडे त्याहून वर जातो, आणि शाळांना सुट्टी असते ती नेमकी याच दिवसांत. मुलाजवळ वेळ असतो तेव्हा त्याला बाहेर काढणं धोक्याचं, आणि बाहेर हवा चांगली असते तेव्हा त्याची शाळा, क्लास, परीक्षा. आमचा गटसुद्धा होळीच्या आधीच दप्तर बांधतो. मग सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पोरानं काय करावं? खोलीत पाणी मारलेला कुलर, खिडकीला ओला वाळा, पलंगावर आडवं पडलेलं मूल आणि हातात आईचा फोन. हे चित्र पाहून नाक मुरडणं सोपं आहे. पण ती दुपार आईलाही काढायची असते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो खाली येतो, तेव्हा जिथे आम्ही लगोरी खेळायचो तिथे प्लॉट पडलेले असतात, आणि जो मोकळा उरला आहे तिथे गाड्या लावलेल्या असतात. आम्ही मोठ्यांनी मैदान विकलं, आणि पोरं मैदानावर येत नाहीत म्हणून बैठक आम्हीच घेतो.

शाळेत असताना मी गाईड होते. शिबिराचं पत्र आलं तेव्हा घरी दोन दिवस वाद झाला आणि मग केवळ बाई सोबत आहेत म्हणून सोडलं. लाठ्या आणि आईच्या जुन्या लुगड्यांचा तंबू, त्याला बांधायच्या गाठी, गळ्यातला स्कार्फ, तीन बोटांचा सलाम, डाव्या हाताचं हस्तांदोलन. खुंट्याला मारायची ती गाठ, क्लोव्ह हिच, मला अजून डोळे मिटून मारता येते. परवा गॅसच्या सिलिंडरला दोरी बांधायची होती तेव्हा बोटांनी आपोआप मारली. पण त्या गाठीचा बिल्ला मला मिळाला होता की नाही, ते आठवत नाही. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी ती चढण आहे, आणि ती ज्यांनी रचली त्यांना पोरांचं मन चांगलं कळत होतं. एक पायरी दिसली की पुढची चढावीशी वाटते. हीच युक्ती मोबाईलच्या खेळांनी उचलली आणि तिला वेग दिला. स्काउटांत पुढच्या सोपानाला महिने लागतात. गेममध्ये पहिल्या पाच मिनिटांत पहिलं बक्षीस हातात पडतं, रोज नुसतं उघडलं तरी काहीतरी मिळतं, एक दिवस चुकला तर मालिका तुटते, आणि ठरावीक तारखेच्या आत अमुक केलं नाही तर ती टोपी की तो अंगरखा पुन्हा कधीच मिळणार नाही अशी घड्याळाची टिकटिक मागे लावलेली असते. म्हणजे ज्याला आम्ही शिक्का द्यायचा की नाही म्हणून खल करतोय, त्याच्या अंगावर दिवसाला पन्नास शिक्के आधीच पडत असतात. त्यात आमचा निळ्या शाईचा एक पडला काय नि न पडला काय.

राज्य पुरस्काराला पुढे दहावीचे वाढीव गुण जोडले गेले, तेव्हा आप्पांच्या पथकात एकाएकी गर्दी झाली होती. हे आप्पाच सांगतात, आणि सांगताना खूश नसतात. "गाठ शिकाले येत नव्हतात, गुण मोजाले येत व्हतात." त्या गर्दीतली किती पोरं पुढे कधी तंबूत झोपली असतील, कोण जाणे.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला स्टॅनफर्डचा एक प्रयोग मी बी.एड.ला असताना परीक्षेपुरता पाठ केला होता. लेपर, ग्रीन आणि निस्बेट ही नावं पेपरात लिहिली आणि विसरले. आता पुन्हा आठवला. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशी. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर तुला सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता चित्र झाल्यावर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली आणि कोण किती वेळ रमतं ते लपून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर ज्यांनी चित्रं काढली होती, ती मुलं बाकीच्यांच्या मानानं निम्म्याच्या आसपासच वेळ पेनांजवळ गेली. ज्यांना अचानक मिळालं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते आधी दाखवलेल्या आमिषानं.

ह्या न्यायानं आप्पांनी खरं तर गेमलाच भरघोस बिल्ले द्यायला हवेत. रोज तीन तास खेळलास का? वही दाखव. सही कुठे आहे? किंमत ताडलीस का? पाच युक्त्या शुद्धलेखनासह लिहून आण. सहा महिन्यांत पोरं फोन भिंतीवर फेकून देतील. मी हे बैठकीत बोलले तेव्हा सगळे हसले, पण मला स्वतःला त्यातली दुसरी बाजू टोचत होती. गेमची गोडी बिल्ल्यानं उतरत असेल, तर डोंगराची उतरत नसेल कशावरून? रांगेत ढकलाढकली करणारी ती मुलं केदारकुंडाकडे बघत होती की चौकोनाकडे? दहा पक्षी ओळखण्याच्या चौकोनापायी आमच्याकडे एक विचित्र प्रकार सुरू झाला आहे. मूल पहिल्या तासात दहा नावं भराभरा सांगून टाकतं. कावळा, चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल, वेडा राघू, आणि दहावा मोर झाला की दुर्बीण दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होतं. अकराव्या पक्ष्याला तिथे जागाच नाही. स्वर्गीय नर्तक डोक्यावरून पांढरी शेपूट हलवत गेला तरी वर बघायला कुणी तयार नसतं, कारण चौकोन भरलेला असतो.

आता एक वेगळी गोष्ट सांगते. पाटण्याचं नाव भास्कराचार्यांशी जोडलेलं आहे, त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख आहे, हे सगळं आम्ही मुलांना दर वेळी सांगतो आणि मुलं दर वेळी जांभया देतात. मागच्या थंडीत एकदा पावसाळा नसताना पाऊस आला आणि आम्ही देवळात अडकलो. वेळ काढायला म्हणून मी भास्कराचार्यांचं एक कोडं घातलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. बिळापासून सत्तावीस हातांवर साप दिसतो, बिळाकडे निघालेला. मोर झेपावतो, सरळ रेषेत. दोघांचं अंतर सारखंच कापून होतं तेव्हा मोर सापाला धरतो. बिळापासून किती हातांवर? सुरुवातीला नुसता गोंगाट. मग सातवीतल्या एका मुलीनं ओल्या बोटानं फरशीवर काटकोन काढला. "ताई, कर्ण आणि सापाचं चाललेलं अंतर सारखं ना?" सारखं. मग तिनं वर्ग-बिर्ग काही केलं नाही, आकडेच घालून बघायला लागली. दहावर बसेना, पंधरावर बसेना. फरशीवरचं पाणी वाळायच्या आत पुन्हा पुन्हा काढत होती, बोट पुन्हा पागोळीखाली धरत होती. दोघं मुलगे आडवे पडून तिच्या रेघांशी डोकं लावून बसले. बारा घातल्यावर कर्ण पंधरा आला, सत्तावीसातून बारा गेले पंधरा, आणि तिघांनी एकदम अशी आरोळी ठोकली की पुजारी बाहेर आले. त्या दिवशी कार्डं कुणी काढलीच नाहीत. गणिताचा चौकोन कार्डावर नव्हता, हे किती बरं झालं.

त्या आरोळीत आणि स्टँडमागच्या अंधाऱ्या खोलीतल्या आरोळीत मला काही फरक वाटला नाही. एवढंच, की ह्या वेळी मुलगी मध्ये होती.

हीच मुलगी तो बंदुकीचा गेमही खेळते, आणि तिथे तिचं नाव मुलाचं आहे. का, विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "मुलीचं नाव ठेवलं की माईकवर शिव्या देतात. आणि मग कुठे राहते, फोटो पाठव, चालू होतं." वय किती टाकलंस? "पप्पांचं." त्या खेळात अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, म्हणून सगळी पोरं आईबापांच्या वयाची होऊन खेळतात. तिच्या वडिलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं पबजी बंद केला तेव्हा त्यांनी बातमी वाचून सुटकेचा श्वास सोडला होता. पुढच्या वर्षी तोच खेळ दुसऱ्या नावानं आला हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. अमेरिकन नियमावलीतली पहिली अट, वयाचा दर्जा का असतो ते समजावून सांग, मला इथे एकदम वेगळी दिसायला लागली. ती अट मुलाला घातलेली आहे खरी, पण ते समजावून सांगणं ऐकायला समोर एक मोठा माणूस बसलेला लागतो. आमच्याकडे तो माणूसच गैरहजर. फोन हातात देतो आणि काढून घेतो, याच्या मधलं त्याला काही माहीत नसतं.

आणि यादीतली ती एक ओळ: मोठ्या माणसाला खेळ शिकव. माझ्या सासूबाईंना माझ्या भाच्यानं लुडो शिकवला होता, तो प्रसंग मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला आहे. त्यांचं बोट पडद्यावर टेकायचं ते दाबूनच धरलं जायचं, फासा पडायचाच नाही. "आजी, दाबू नको, टिचकी मार." "मारी राहिनू ना भो." "हळू. टिकली लावते ना तशी." हा मुलगा एरवी बुटाची नाडी बांधायला दोन मिनिटं थांबत नाही. तो त्यांचं बोट स्वतःच्या बोटांत धरून पंधरा मिनिटं फासा टाकत बसला होता, आणि त्यांची सोंगटी मारायची वेळ आली की मुद्दाम दुसरीच चालत होता. शिकवताना तो मोठा झाला होता, खेळताना नाही. याला मी शिक्का देईन का? नाही. त्याला कुणी सांगितलं असतं की आजीला शिकव, तुला पिन मिळेल, तर त्यानं पाच मिनिटांत आटोपून फोटो काढला असता.

मग शिक्का ठेवायचाच तर कशाला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं माझं उत्तर आता बरंचसं ठरलं आहे. ज्यात आपापली मजा आहे तिथे नको. डोंगराला नको, पक्ष्यांना नको, गेमला तर नकोच नको. शिक्का अशा कामाला द्यावा ज्याकडे मूल आपणहून कधीच वळणार नाही. डिसेंबरात शेतावर भरीत करतो तेव्हा पऱ्हाट्या पेटवायला वीस हात पुढे येतात. वांगी भाजताना तोंड काळं करून घ्यायला सगळे तयार. लाकडी मुसळीनं ठेचायला भांडणं. मिरची-लसणाचा ठसका, वरून तेल, कळण्याची भाकरी, सगळे तुटून पडतात. मग उरते ती तळाला काजळी धरलेली पातेली आणि बांधावरचं थंड पाणी. तिथे कुणी नसतं. राखेनं पातेलं घासणाऱ्या त्या एका पोराला, आधी न सांगता, एकदम शिक्का मारावा. अर्थात दुसऱ्यांदा तो मारला की सगळ्यांना कळणार, आणि मग पातेल्यांसाठी रांग लागणार. लागू दे. पातेल्यांची गोडी उतरून नुकसान काय होणार आहे.

आप्पांना हे पटलं, पण त्यांची शंका खरी आहे. डोंगराचे शिक्के बंद केले तर आईबाप पोरं पाठवणार नाहीत. प्रवेशाच्या दिवशी चौकशीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, सर्टिफिकेट मिळेल का? दुसरा, त्याचे गुण लागतात का? जंगलात काय दाखवता, हे विचारणारे थोडे. शिक्का मुलाला हवा असतो त्याहून घरी जास्त हवा असतो, तो फ्रिजवर लागतो, ग्रुपवर फोटो जातो. मुलांच्या बिल्ल्यांवर आम्ही दोन बैठका घालवल्या. आईबापांच्या बिल्ल्यांचा विषय निघाला की चहा मागवला जातो.

सध्या एवढंच ठरलंय. कार्डावर गेमचा चौकोन येणार नाही. पण येत्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही एरवी दप्तर बांधून बसतो, तेव्हा एका दुपारी हॉल घ्यायचा, मुलांनी आपापला एकेक मोठा माणूस धरून आणायचा, आणि आपण काय खेळतो, कुणाशी खेळतो, कुठल्या वयानं खेळतो ते त्याला खेळून दाखवायचं. शिक्का नाही, प्रमाणपत्र नाही, बॅनरसुद्धा नाही. ऊन उतरल्यावर सगळ्यांनी तितूरच्या काठानं चालत यायचं. दुरुस्तीच्या दुकानवाल्यानं दोन मोठे पडदे कबूल केलेत. आप्पा येणार आहेत, पण त्यांची अट आहे की त्यांना त्या डायमंडवाल्या पोराच्या हाताखाली बसवायचं नाही, तो फार घाई करतो. कुलर कुणाचे आणायचे यावर अजून वाद चालू आहे, आणि मेमधल्या दुपारी लाइट गेली तर काय, हे तर कुणी विचारलेलंच नाही.